खेळांची घडण (भाग ११) : गोळा करण्याची ओढ आणि कंटाळा

व्हिडिओ गेममध्ये गोळा करायच्या वस्तू दोन जातींच्या असतात. पहिली जात साधनांची : लाकूड, दगड, सोने, औषधी मुळ्या. ही साधने हवी तितकी मिळतात आणि वापरली की संपतात. दुसरी जात मोजक्या नगांची : शंभर पिसे, एकशेवीस तारे, नऊशे बिया. हे नग खर्च होत नाहीत. प्रत्येक नग एकदाच सापडतो आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा एकाने वाढतो. साधनांचा साठा वाढला की खेळाडूची ताकद वाढते. नगांचा आकडा वाढला की बहुतेक वेळा फक्त आकडाच वाढतो. तरीही लोक रात्र-रात्र जागतात ते या दुसऱ्या जातीसाठी, आणि कंटाळून खेळ अर्धवट टाकतात तेही तिच्यामुळेच.

दोन्ही जातींची ठळक उदाहरणे पडद्याबाहेरही, किल्ल्यांच्या रूपाने, पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, भोर आणि वेल्हे तालुक्यांत आहेत. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, तालुक्याचे गाव मात्र वेल्हेच.) तोरणा शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर त्याची डागडुजी सुरू झाली, तेव्हा पुरलेले धन सापडले आणि ते जवळच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्च होऊन राजगड उभा राहिला, असे परंपरा सांगते. जागा हाती घ्यावी, ती धुंडाळावी, सापडेल त्यातून पुढचे ठाणे बांधावे आणि तिथून आणखी मुलूख घ्यावा, हा तो क्रम. ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) हा खेळ अन्न, लाकूड, सोने आणि दगड या चार साधनांवर हाच क्रम चालवतो. तोरण्यावरच्या धनाची किंमत ते किती होते यात नव्हती, त्यातून काय बांधता आले यात होती. साधन-संग्रहाचा सहसा कंटाळा येत नाही तो यामुळे. संग्रह वाढताना डोळ्यासमोर तटबंदी असते.

दुसऱ्या जातीचा संग्रह त्याच डोंगरांवर शनिवार-रविवारी पाहायला मिळतो. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरकडे वळणाऱ्या ट्रेकरांपैकी अनेकांकडे किल्ल्यांची यादी असते. तोरणा झाला, राजगड झाला, रोहिडा झाला, केंजळगड राहिला. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांचा आकडा साधारणपणे साडेतीनशेच्या आसपास सांगितला जातो, आणि प्र. के. घाणेकरांसारख्या अभ्यासकांच्या पुस्तकांनी या भटकंतीला पिढ्यान्‌पिढ्या वाट दाखवली आहे. यादी आली की नियमांचे वादही येतात. रायरेश्वर हे पठार आहे, त्यावर वस्ती आहे, शेती आहे, शंभू महादेवाचे देऊळ आहे. स्वराज्याच्या शपथेची परंपरा तिथलीच. पण त्याला तट-बुरूज नाहीत. मग तो किल्ला म्हणून मोजायचा का? काही याद्या मोजतात, काही नाही. खेळात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण काय मोजायचे ते खेळ बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते.

गेममधला सर्वात जुना गाजलेला संग्रह ‘पॅक-मॅन’चा. १९८० साली आलेल्या या खेळात एका चक्रव्यूहात २४० ठिपके आणि ४ मोठ्या गोळ्या असतात. सगळे गिळले की पुढचा टप्पा. सगळे ठिपके सारखेच, त्यांना रंग-रूप काही नाही. तरी खेळ कंटाळवाणा होत नाही, कारण मागे चार भुते लागलेली असतात. कोपऱ्यातला शेवटचा ठिपका आणि सुरुवातीचा पहिला ठिपका दिसायला एकच असले, तरी शेवटच्यासाठी जीव धोक्यात घालावा लागतो. वस्तूत वेगळेपण नसेल तर ते मिळवण्याच्या वाटेत असावे लागते, ही गोष्ट त्या ठिपक्यांनी दाखवली. पुढे अनेक महागड्या खेळांना तिचा विसर पडला.

ओढीचे पहिले कारण रिकामी जागा. यादीत शंभर चौकटी असतील आणि त्र्याण्णव भरल्या असतील, तर लक्ष उरलेल्या सातांकडेच जाते. जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. मोटारी धुण्याच्या एका केंद्रावर ग्राहकांना दोन प्रकारची कार्डे वाटली. एका कार्डावर आठ शिक्के भरले की एक धुलाई फुकट. दुसऱ्यावर दहा शिक्के हवे होते, पण त्यातले दोन आधीच मारून दिलेले. दोघांनाही आठच फेऱ्या करायच्या होत्या. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी. सुरुवात झालेली आहे एवढ्या भासाने फरक पडला. खेळ सुरू होताच पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीन वस्तू पायात येऊन पडतात, त्यामागे हाच हिशेब असतो.

दुसरे कारण शोध, आणि ते जास्त प्रामाणिक आहे. ‘पोकेमॉन’चे जनक सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योच्या उपनगरात किडे पकडत. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या खेळात १५१ प्राणी होते, आणि कोणता प्राणी गवतात, कोणता गुहेत, कोणता पाण्यात मिळतो हे शोधणे हाच खेळाचा मोठा भाग होता. त्यात आणखी एक मेख होती. खेळ दोन आवृत्त्यांमध्ये विकला गेला, आणि काही प्राणी एकीत तर काही दुसरीत ठेवले गेले. संग्रह पूर्ण करायचा तर दुसरी आवृत्ती असलेला मित्र शोधून, तार जोडून, देवाणघेवाण करावी लागे. एकट्याने पुरा होणारा संग्रह अशा रीतीने चारचौघांचा झाला. आज या प्राण्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. सगळे पकडण्याची जिद्द धरणाऱ्यांची कीव यावी अशी ही संख्या आहे.

कंटाळ्याचे गणित वेगळे आहे, आणि ते खरोखर गणितच आहे. बबलगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची शंभर वेगवेगळी चित्रे येतात, प्रत्येक पाकिटात एक, आणि प्रत्येक चित्र येण्याची शक्यता सारखी, असे धरू. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक पाकिटात नवे चित्र निघते. पण संग्रह भरत जातो तशी जुनीच चित्रे पुन्हा येऊ लागतात. शंभरही चित्रे जमायला सरासरी सुमारे ५१९ पाकिटे लागतात. त्यातली पहिल्या नव्वद चित्रांसाठी सुमारे २२६, आणि शेवटच्या दहांसाठी तब्बल २९३. एकट्या शंभराव्या चित्रासाठी सरासरी शंभर पाकिटे. म्हणजे निम्म्याहून अधिक कष्ट शेवटच्या दहाव्या हिश्शासाठी. नशिबावर वस्तू देणाऱ्या प्रत्येक खेळाला हे गणित लागू पडते, आणि मोठ्या नकाशावर विखुरलेल्या वस्तू कसल्याही खुणेशिवाय शोधण्यालाही बऱ्याच अंशी पडते. ओढ शेवटाकडे वाढत जाते आणि मिळकत शेवटाकडेच आटते. खेळाडू चिडतो तो या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून. (पैसे घेऊन बंद पेटी विकणाऱ्या खेळांनी या गणिताचा कसा फायदा उठवला, हा विषय मोठा आहे, तो पुढील भागात.)

गणितापेक्षा आळसामुळे येणारा कंटाळा मात्र अक्षम्य आहे. १९९९ सालचा ‘डाँकी काँग ६४’ त्यासाठी बदनाम आहे. त्यात पाच माकडे आहेत, प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि प्रत्येकाला आपल्याच रंगाची केळी उचलता येतात. पिवळे केळे समोर दिसत असले तरी चालू माकड निळे असेल तर ते तिथेच राहते. माकड बदलून पुन्हा तिथवर चालत यावे लागते. प्रत्येक टप्प्यात अशी पाचशे रंगीत केळी, आणि त्याखेरीज पूर्ण खेळात २०१ सोनेरी केळी. एकच वाट पाच वेळा तुडवल्याने काही नवे दिसत नाही. ‘असॅसिन्स क्रीड’च्या पहिल्या खेळात (२००७) ४२० निशाणे विखुरली होती, आणि सगळी गोळा करूनही कथेत काहीच घडत नसे. अशा वस्तू खेळात येण्याचे कारण साधे आहे. नवा प्रसंग, नवा शत्रू किंवा नवे कोडे घडवायला महिने लागतात. तयार शहरात निशाणे रोवायला तितका वेळ लागत नाही. खेळाचे तास वाढतात, वेष्टनावर मोठा आकडा छापता येतो.

२००५ साली एक्सबॉक्स ३६० बरोबर ‘अचीव्हमेंट’ आल्या आणि प्रत्येक खेळातल्या बारीकसारीक कामगिरीला सार्वजनिक गुण मिळू लागले; २००८ मध्ये प्लेस्टेशननेही आपल्या ‘ट्रॉफी’ आणल्या. आता निरर्थक निशाणालाही बाहेरून किंमत आली. या किमतीचा दुष्परिणाम मानसशास्त्राला आधीपासून ठाऊक होता. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आपखुशीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना प्रशस्तिपत्राचे आमिष आधी सांगून दाखवले गेले. नंतर मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढताना आढळली. बक्षिसासाठी केलेले काम बक्षीस संपले की बेचव लागते.

यावरचे उपायही खेळांनीच शोधले. ‘असॅसिन्स क्रीड २’ (२००९) मध्ये निशाणांऐवजी शंभर पिसे आली. नायकाच्या मारल्या गेलेल्या धाकट्या भावाला पिसे जमवायचा नाद होता, आणि ती शोकाने अबोल झालेल्या आईसाठी आणायची असतात. काम तेच, कारण मात्र मनाला भिडणारे. ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) मध्ये तारे १२०, पण खेळ संपवायला ७० पुरतात. ज्याला जो तारा कंटाळवाणा वाटेल तो त्याने सोडावा. ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) या खेळाने हीच सवलत टोकाला नेली. त्यात कोरोक नावाच्या वनदेवतांकडून मिळणाऱ्या ९०० बिया आहेत. त्या देऊन सामानाची थैली वाढवता येते, आणि थैली पूर्ण वाढवायला ४४१ बिया बस्स होतात. तरीही ज्याने हट्टाने नऊशेच्या नऊशे जमवल्या त्याला बक्षीस म्हणून सोनेरी शेणाच्या पोसारखी दिसणारी एक वस्तू मिळते. निर्मात्यांनी केलेली ही थट्टा काहींना झोंबली, पण ती रास्त होती. बिया इतक्या पेरल्या त्या सगळ्या सापडाव्यात म्हणून नव्हे. कुणीही कुठल्याही टेकडीवर चढला तरी हाती काहीतरी लागावे म्हणून.

उलट्या दिशेचा उपाय म्हणजे प्रत्येक वस्तू नकाशावर दाखवून टाकणे. त्याने चीड जाते, पण तिच्याबरोबर शोधही जातो. खेळाडू मग भूभागाकडे न बघता खुणेकडे बघत चालतो.

जमिनीवरच्या संग्रहातही हे घडते. स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली ३,००० फुटांहून उंच शिखरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत आणि ती पुरी करणे हा तिथे एक राष्ट्रीय छंदच झाला आहे. यादी पहिल्यांदा पूर्ण केल्याचा मान १९०१ साली ए. ई. रॉबर्टसन या पाद्र्यांना दिला जातो. खुद्द मन्रो १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांची यादी अपुरीच होती. महाराष्ट्राला अशी छोटी, पक्की यादी जुलै २०२५ मध्ये मिळाली. युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आकडा आटोपशीर आहे, म्हणूनच मोहक आहे. शेवटच्या नगांचे कष्ट इथेही आहेतच. शिवनेरी, लोहगड सहज होतात. खांदेरीला होडी लागते, साल्हेरसाठी बागलाण गाठावे लागते, जिंजीसाठी राज्य ओलांडावे लागते. भोर-वेल्ह्यातून यादीत एकटा राजगड आहे. शेजारचा १,४०३ मीटर उंचीचा तोरणा, जिल्ह्यातला सर्वात उंच किल्ला, यादीत नाही. बारांचा संग्रह करणाऱ्याच्या हिशेबात तोरण्याची चढण शून्य धरली जाते. यादीचा हा एक दोष कुठल्याही गेममध्ये तितकाच खरा आहे.

राजगडावर दुसरा दोष दिसतो. गुंजवण्याहून चोरदरवाजाने किंवा पालीहून पायऱ्यांच्या वाटेने वर आलेला ट्रेकर पद्मावती माचीवरचा तलाव आणि देऊळ बघतो, बालेकिल्ला चढतो आणि उतरतो. यादीत खूण होते. सुवेळा माचीचे नेढे आणि दोन किलोमीटरहून लांब पसरलेली संजीवनी माची, तिच्या चिलखती बुरुजांसह, अनेकदा राहून जाते, कारण ती पाहिल्याने आकडा वाढत नाही. रोहिड्यासारख्या आटोपशीर गडावर असे होत नाही. एकामागोमाग एक तीन दरवाजे ओलांडून वर आले की बुरुजांची फेरी ओघानेच होते. संग्रहाचा नग जितका मोठा आणि गुंतागुंतीचा, तितका तो मोजणीत लहान होतो. शिवाय संग्रहात दुसऱ्या भेटीला मोल नसते. गेममधली वस्तू उचलली की ती जागा रिकामी होते, पुन्हा जाण्यात अर्थ नसतो. गो. नी. दांडेकर राजगडावर पुन्हा पुन्हा जात राहिले. आकड्याच्या हिशेबात त्या साऱ्या वाऱ्यांची गणना एकच.

यादी संपली की संग्राहक सहसा थांबत नाही, दुसरी यादी घेतो. स्कॉटलंडमध्ये मन्रोंनंतर त्याहून बुटक्या डोंगरांच्या याद्या आहेत. वेल्ह्याच्या बाजूला किल्ले झालेले ट्रेकर घाटवाटांकडे वळतात : मढे घाट, उपांड्या, गोप्या, सिंगापूर नाळ, बोराट्याची नाळ. कोकणात उतरणाऱ्या या वाटांपैकी काही वापरात आहेत, काही कारवीत बुजल्या आहेत, काहींना दोन गावांत दोन नावे आहेत. त्यांची सर्वमान्य संख्या ठरलेली नाही, त्यामुळे शंभर टक्के पूर्ण झाल्याची खूण त्यांच्यापुढे कुणालाच करता येत नाही.