स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे?

स्लॅब भरला की दुसऱ्याच दिवसापासून घरमालकाचा प्रश्न सुरू: "सेंटरिंग कधी खोलणार?" जरा दम धरा! पाच इंची स्लॅबचं काँक्रीट दर चौरस मीटरला तीनशे किलोंहून जास्त भरतं, आणि सुरुवातीला तो सगळा भार बल्ल्या किंवा लोखंडी जॅकच पेलतात.

काँक्रीटच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा गाळा असेल तर १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, पुढे २१. या मुदती साध्या ओपीसी सिमेंटच्या, तेही हवा १५ अंशांखाली गेली नसेल तर. पीपीसी सिमेंटची गोणी वापरली असेल तर इंजिनिअरला विचारून दिवस वाढवा.

टेकू काढण्याचा क्रमही महत्त्वाचा. दोन्हीकडे आधार असलेल्या स्लॅबचे मधून सुरू करून कडेकडे जायचं. बाल्कनीचं उलट, आधी मोकळ्या टोकाचे. तिथे भिंतीकडचे आधी काढले, तर बाहेरच्या टेकूवर स्लॅब भलत्याच दिशेने वाकतो आणि खालच्या बाजूला, जिथे सळ्या नसतात, तिथे तडे जातात.

आणि बल्लीखाली विटांचे तुकडे? अजिबात नको. मातीवर जाड फळी टाका, त्यावर बल्ली, मग पाचर.