केसांच्या जोरावर

नॉर्वेच्या उत्तर भागात, ट्रॉम्सो शहराच्या पूर्वेला, ल्युंगेन आल्प्सची डोंगररांग जवळपास समुद्राच्या पाण्यातूनच उठते. जागा उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, पण अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथल्या खाड्या गोठत नाहीत. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्याला गाडी लावायची, स्की पायात अडकवायच्या आणि अक्षरशः शून्य मीटर उंचीवरून डोंगर चढू लागायचं. लिफ्ट नाही, तयार केलेली पायवाट नाही. याला म्हणतात स्की टूरिंग.

आता प्रश्न असा, की घसरण्यासाठीच घडवलेल्या फळ्यांवर उभं राहून माणूस चढतो कसा?

स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवलेली असते. तिचं नाव ‘स्किन’, कारण पूर्वी ती खरोखरच सीलच्या कातडीची असायची. आता ती मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची, किंवा नायलॉनची असते. तिचे सगळे केस मागच्या बाजूला झुकलेले. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर तो सरकतो, उलटा फिरवला की केस उभे राहतात. नेमकं तेच इथे घडतं. स्की पुढे ढकलली की केस आडवे पडून वाट देतात. ती मागे घसरू पाहते, तेव्हा तेच केस उभे राहून बर्फात रुततात. ना बॅटरी, ना कळ. बुटाचा पुढचा भाग स्कीला जखडलेला आणि टाच मोकळी, म्हणून चालल्यासारखं पाऊल टाकता येतं. चढ तीव्र झाला की नागमोडी वळणं घेत जायचं.

स्की ही काही हौशी लोकांची नवी टूम नव्हे. नॉर्वेतल्याच डिगरवार्डन इथल्या वितळत्या बर्फातून 2014 मध्ये एक लाकडी स्की बाहेर आली आणि 2021 मध्ये तिची जोडीदारही सापडली. वय सुमारे 1,300 वर्षं, आणि पाय अडकवायची जागा अजून शाबूत!

पण मला सगळ्यात थक्क करतो तो पायाखालचा बर्फ. वरून तो एकसंध पांढरा दिसतो. खणून पाहिलं तर थरांवर थर. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं, तर पृष्ठभाग कडाक्याचा थंड. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते आणि वरच्या कणांवर गोठते. हळूहळू एकमेकांना धरून असलेले कण जाऊन टोकदार, सुटे दाणे तयार होतात. त्यांच्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला, की सापळा तयार. कधी पाऊल टाकताच ‘धप्प’ असा आवाज येतो: आतला कच्चा थर खचला! सपाटीवर दचकण्यापलीकडे काही होत नाही. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर मात्र अख्खा थर सुटतो. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं यंत्र असतं, आणि पाठीवरच्या पिशवीत फावडं नि घडीची लांब सळई. गाडलेल्याला शोधायला हाताशी मिनिटं मोजकीच, पहिली दहा-पंधरा. मदत यायची वाट पाहण्यात अर्थ नसतो, सोबत्यांनीच खणायचं.

हजार मीटर चढायला तीन-चार तास सहज जातात. माथ्यावर स्किन ओढून काढायची, डिंकाची बाजू आत येईल अशी दुमडायची आणि जॅकेटच्या आत कोंबायची. गारठ्यात डिंक चिकटेनासा होतो. टाच जखडायची की उतार सुरू. अर्ध्या तासात सगळं संपतं! हा हिशेब तोट्याचा वाटेल, पण इथे येणारे चढणीसाठीही येतात, असं माझं मत.

वसंतात वेळेचं गणितही निराळं. रात्री गोठलेला टणक पृष्ठभाग उन्हाने दोनेक सेंटिमीटर मऊ झाला, की उतरायला सर्वांत छान. फार उशीर केला तर नुसता चिखल. मेच्या उत्तरार्धात तर सूर्य मावळतच नाही. मग वायव्येकडच्या उतारांवर रात्री दहालाही ऊन असतं, आणि काही जण संध्याकाळचं जेवण उरकून डोंगराकडे निघतात.