भाला घेऊन डोहात उतरण्याआधी

उन्हाळ्यात पैनगंगेचे पाणी उतरले, की कोरपन्याकडची पोट्टी डोहावर जमतात. लोखंडी सळई घासून टोक केलेली, बांबूला तारेने आवळलेली. अलीकडे मोबाईलवर समुद्रातल्या भालेकऱ्यांचे व्हिडिओ पाहून चष्मा लावून बुडी मारणारेही दिसतात. चार मासे घरी आले तर ताटात चांगले अन्न पडते, म्हणून आम्ही सरसकट नको म्हणत नाही. पंचशील घेतलेल्या घरांत याबद्दल दोन मते आहेत, ते ज्याचे त्याने ठरवावे. आमची काळजी पोरगा डोहातून परत येण्याची आहे.

गावच्या विहिरीत, तळ्यात इतरांची मुले पोहायला शिकली. आपल्या आज्या-पणज्यांना त्या पाण्याला शिवायची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पण पोहणे बापाकडून मुलाकडे येते, आणि आपल्या कितीतरी घरांत ते आलेच नाही. म्हणून आधी पोहणे, मग भाला. पाय न टेकता दहा मिनिटे पाण्यावर राहता येईपर्यंत गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नका.

गुडघाभर पाण्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वरून पाहताना मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. चार हात खोल असलेला तीन हातांवर भासतो. नवख्याचा भाला त्याच्या पाठीवरून जातो तो यामुळेच. नेम दिसतो त्याच्या खाली धरा. मरळ हवा घ्यायला मधूनमधून वर येतो, तेव्हा थांबून राहणाऱ्याला तो सापडतो. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा दिसला तर खाली राखण करणारा मरळ असतो. त्याला मारले तर सगळी वीण गेली. पाणी गढूळ असेल किंवा समोर कोणी उभे असेल तर भाला चालवूच नका.

आता बुडी. जास्त वेळ खाली राहता यावे म्हणून पोरे उतरण्याआधी भराभर दहा-वीस मोठे श्वास घेतात. हीच सवय जीव घेते. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभर श्वासांनी तो बाहेर जातो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग खाली दम लागल्याचे कळतच नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो. पुष्कळदा वर येताना, पृष्ठभाग हाताशी आल्यावर. धडपड नाही, ओरडणे नाही. काठावरच्यांना वाटते, अजून मासा शोधतोय. चांगला पोहणाराही असाच जातो, किंबहुना तोच जास्त, कारण त्याला भरवसा असतो. म्हणून साधा श्वास घ्या, थोडाच वेळ जा, दोन बुड्यांमध्ये बुडीच्या दुप्पट वेळ तरी विसावा घ्या. एक खाली, एक वर, आणि वरच्याने नजर हलवायची नाही. दारू प्यालेल्याला पाण्याजवळही येऊ देऊ नका. कान दुखला तर तिथूनच परता. नाक न झाकणारा पोहण्याचा चष्मा खोल बुडीसाठी नाही. पाण्याच्या दाबाने तो डोळ्यांवर आवळतो.

चुनखडीच्या पाणी भरलेल्या जुन्या खदानीत मात्र अजिबात नको. कडा उभ्या असतात, वर यायला उतार नसतो, आणि कोमट पाण्याखाली एकदम गार पाणी लागते. तलाव आणि धरणे बहुधा मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात; तिथे आधी विचारा. ताडोबासारख्या राखीव जंगलात मासेमारी हा गुन्हा आहे.

शिंगी माशाचा काटा विषारी असतो. टोचला तर हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. गंजक्या सळईची जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या लशीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. १०८ ला फोन लावा. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा हवा द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा दोन श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्याच; काही तासांनीही श्वास बिघडू शकतो.