नियमभंग घडवून आणण्याची कला आणि पंचाची दृष्टी

प्रतिपक्षाच्या खेळाडूकडून नियमभंग घडवून आणणे हे क्रीडाकौशल्य मानावे की कपट, हा प्रश्न स्पर्धात्मक खेळांइतकाच जुना आहे. व्यावसायिक बास्केटबॉलच्या संदर्भात त्याची चर्चा विशेष होते. तथापि सोलापूर जिल्ह्यात गावोगाव खेळल्या जाणाऱ्या खो-खोतही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. या दोन खेळांची तुलना केली असता पंचाच्या कार्याचे मर्म अधिक स्पष्ट होते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम बास्केटबॉलचा विचार करू. या खेळात मैदानावर वैध रीतीने घेतलेली जागा व तिच्या वरील अवकाश ज्या त्या खेळाडूचा मानला जातो. चेंडू टोपलीत टाकू पाहणाऱ्या खेळाडूच्या अवकाशात संरक्षकाने घुसखोरी करून त्याला धक्का दिला, तर त्या खेळाडूस मुक्त फेकी मिळतात. त्या वेळी कोणी अडवावयाचे नसते. साहजिकच धक्का खाणे फायद्याचे ठरते. चाणाक्ष खेळाडू चेंडू फेकण्याची नुसती हूल दाखवितो. संरक्षक फसून उडी घेतो. मग हा त्याच्या खाली शिरून खरी फेक करतो आणि शिट्टी वाजते. संरक्षकही उलट डाव करू शकतो. धावत येणाऱ्याच्या मार्गात आधीच स्थिर उभे राहून तो धक्का अंगावर घेतो व आक्रमकालाच दोषी ठरवितो.

येथवर सारे नियमांच्या चौकटीत बसते. परंतु ज्या धक्क्याला गुणांचे मोल आहे, त्या धक्क्याचे सोंगही निघणारच. अमेरिकेतील एन. बी. ए. या व्यावसायिक संघटनेने धक्का लागल्याचा आव आणून कोसळणाऱ्या खेळाडूंना २०१२ पासून दंड आकारण्यास आरंभ केला. २०२१-२२ च्या हंगामापासून चेंडू फेकताना अस्वाभाविक कोनात संरक्षकाच्या अंगावर झेप घेणे, वाट सोडून एकाएकी त्याच्याकडे वळणे, पाय बाहेर फेकणे किंवा त्याच्या हातात हात अडकविणे, अशा क्रियांचा लाभ आक्रमकास मिळू नये असा दंडक पंचांना घालून देण्यात आला. २०२३-२४ पासून तर सोंग करणाऱ्याच्या विरुद्ध सामना चालू असतानाच प्रतिपक्षास एक मुक्त फेक देण्यात येऊ लागली. नियमकर्त्यांना एकाच गोष्टीसाठी इतक्या वेळा हात घालावा लागला, यावरूनच मोहाचे बळ कळून येते.

आता खो-खोकडे वळू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम सिद्ध केले, तेव्हापासून त्यात अनेक फेरफार झाले. परंतु मूळ गाभा कायम राहिला. दोन खांबांमधल्या मध्यपाटीवर आठ आक्रमक आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववा पाठलाग करतो. संरक्षक, म्हणजे पळणारा, मध्यपाटी हवी तेव्हा ओलांडू शकतो. पाठलाग करणाऱ्यास मात्र ती ओलांडता येत नाही आणि तिला पायही लावता येत नाही. एकदा एका खांबाची दिशा घेतल्यावर त्याला मागे फिरता येत नाही. त्याच्या खांद्यांची रेषा फार तर मध्यपाटीला समांतर होईपर्यंत वळू शकते. त्यापुढे वळली की नियमभंग होतो. खो पाठीमागूनच द्यावा लागतो आणि बसलेल्या गड्याची आडवी पाटी सोडून पुढे गेल्यावर त्याला खो देता येत नाही. खांबापलीकडील मुक्त क्षेत्रात मात्र दिशेचे बंधन उरत नाही.

या बंधनांमुळेच पळणाऱ्याच्या हाती एक शस्त्र येते. खो मिळून नुकत्याच उठलेल्या आक्रमकासमोर तो एका खांबाकडे झुकल्याची हुलकावणी देतो. आक्रमकाने त्या बाजूस पाऊल टाकून खांदा वळविला की दिशा ठरली. त्याच क्षणी पळणारा दुसऱ्या बाजूस निसटतो. हाताच्या अंतरावर दिसणारा गडी टिपण्याचा मोह आक्रमकास आवरत नाही, खांदा मर्यादेपलीकडे वळतो आणि पंचाची शिट्टी होते. दुसरा प्रकार मध्यपाटीवरचा. पळणारा दोन बसलेल्या गड्यांमधून पलीकडे जाताना पाठलाग करणाऱ्याला इतक्या जवळ येऊ देतो की सूर मारण्याच्या भरात त्याचा पाय पाटीला लागावा. तिसरा प्रकार खो देण्यातला. पळणाऱ्याने वेग एकाएकी बदलला की आक्रमक आडवी पाटी ओलांडून जातो आणि उशिरा दिलेला खो दोषास्पद ठरतो.

नियमभंग झाला की पंच शिट्टी वाजवून आक्रमकास उलट दिशेने जावयास लावतो आणि त्या नियमभंगामुळे गडी बाद झाला असेल तर तो बाद धरला जात नाही. येथे बास्केटबॉलशी असलेला मुख्य भेद ध्यानात यावा. खो-खोच्या पारंपरिक स्वरूपात पळणाऱ्यास नियमभंगाबद्दल एकही गुण मिळत नाही. मिळतात ते एकदोन क्षण आणि मोकळी वाट. शिवाय हा नियमभंग धक्क्यावर अवलंबून नसून आक्रमकाच्या स्वतःच्या पायांवर व खांद्यांवर अवलंबून असतो. त्यामुळे त्याचे सोंग आणता येत नाही. पळणारा कितीही कोसळला तरी आक्रमकाचा खांदा त्यामुळे वळत नाही. तो प्रसंग निर्माण करू शकतो. दोष मात्र खरोखर घडावा लागतो.

मग पंचाने पाहावे काय? बास्केटबॉलच्या पंचांना अशी शिकवण दिली जाते की, चेंडू असलेल्या खेळाडूकडे न पाहता संरक्षकाकडे पाहावे. त्याने आपली जागा वैध रीतीने घेतली होती की नाही, हे कळले म्हणजे धक्का कोणाचा हे आपोआप कळते. खो-खोच्या पंचालाही हेच तत्त्व उलट बाजूने लागू पडते. प्रेक्षकांची दृष्टी पळणाऱ्याच्या चपळाईवर खिळलेली असते. पंचाची दृष्टी आक्रमकाच्या पावलांवर व खांद्यांवर असावयास हवी. दोन्ही खेळांत सूत्र एकच आहे: ज्याने भुरळ घातली त्याच्याकडे नव्हे, तर ज्याच्या वर्तनाचा निवाडा करावयाचा आहे त्याच्याकडे पाहावे. पळणारा हाताने टिपला गेला आणि पाय पाटीला लागला, या दोन घटनांतील पौर्वापर्य ठरविणे अशा दृष्टीवाचून अशक्य आहे.

हा विचार आज निकडीचा का, हेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडी येथे अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. तिने मैदानावर सातच गडी ठेवले, मातीऐवजी मॅट आणली आणि दोन लक्षणीय बदल केले. 'वजीर' या आक्रमकास कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा मिळाली. म्हणजे त्याच्यापुरता दिशेचा नियमभंग उरलाच नाही. उलट 'ड्रीम रन' या नियमानुसार संरक्षकांची तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली तर तिला गुण मिळू लागले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषकातही हे दोन्ही नियम होते. त्या स्पर्धेत प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय पुरुष संघाने अंतिम सामन्यात नेपाळचा ५४–३६ असा पराभव केला. आपल्या जिल्ह्यातील वेळापूरचे रामजी कश्यप त्याच संघात होते.

या बदलांचा परिणाम असा की, पूर्वी शिट्टीतून केवळ क्षण लाभत. आता क्षणांतून गुण लाभू शकतात. वजिराखेरीज अन्य आक्रमकांकडून करवून घेतलेल्या प्रत्येक नियमभंगाला अप्रत्यक्ष का होईना, किंमत आली आहे. बास्केटबॉलमध्ये याच ठिकाणाहून सोंगाचा शिरकाव झाला. खो-खोचा नियमभंग आक्रमकाच्याच शरीरावर घडत असल्याने तो धोका येथे कमी आहे. परंतु चुकीच्या किंवा उशिरा वाजलेल्या शिट्टीची हानी मात्र वाढली आहे. आक्रमकाची दिशा अकारण उलटविली गेल्यास गेलेला वेळ परत येत नाही आणि त्या वेळाचे गुण प्रतिपक्षाच्या खात्यात जमा होऊ शकतात.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. शाळांतून खो-खो शिकविणाऱ्यांनी हुलकावणी ही कला म्हणून निःसंकोच शिकवावी. ती कपट नव्हे; कारण ती प्रतिपक्षाच्या संयमाची परीक्षा घेते, पंचाच्या डोळ्यांत धूळ फेकीत नाही. आणि पंचांच्या प्रशिक्षणात नियमांच्या पाठांतराइतकेच महत्त्व दृष्टीच्या अभ्यासाला द्यावे. नियम जाणणारा पंच मिळणे कठीण नाही. पळणाऱ्याच्या मोहक चपळाईकडे पाठ फिरवून आक्रमकाच्या पावलावर नजर ठेवणारा पंच घडवावाच लागतो.