जनरेटर का थांबला?

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका कापड दुकानात बसलो होतो. लाइट गेली, आठ-दहा सेकंदांत मागच्या बोळातला जनरेटर सुरू झाला आणि एसी पुन्हा घुमू लागला. वीस मिनिटांनी जनरेटरही बंद. दुकानदार वैतागले. मिस्त्री आला, त्यानं पेटीचं दार उघडलं. पॅनलवर लाल दिवा लागला होता. ‘‘शेठ, मशीन खराब नाही झाली. तिनं स्वतःला वाचवलं,’’ तो म्हणाला.

त्या पेटीत तळहाताएवढा एक कंट्रोलर बसवलेला असतो. लाइट गेली की तो काही क्षण थांबून खात्री करतो आणि मग बॅटरीवर स्टार्टर फिरवतो. इंजिन लागलं नाही तर दम खाऊन पुन्हा प्रयत्न करतो. साधारण तीन प्रयत्नांनंतर तो नाद सोडतो आणि इशारा देतो, म्हणजे बॅटरी उतरत नाही, स्टार्टर जळत नाही. इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर स्थिरावलं की चार ध्रुवांच्या अल्टरनेटरमधून 50 हर्ट्झची वीज मिळते. व्होल्टेजही जागेवर आलं की मगच दुकानाचा भार जनरेटरवर टाकला जातो.

पुढे कंट्रोलरची खरी राखण सुरू होते. फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसाहून पातळ थर असतो. ऑइलचा दाब पडला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होतं. म्हणून दाब कमी होताच कंट्रोलर इंजिन बंद करतो. सुरू होताना मात्र दाब शून्यच असतो, त्यामुळे पहिले काही सेकंद तो तिकडे बघत नाही. भार एकदम सुटला आणि वेग आवरणारा गव्हर्नर अडकला तर इंजिन बेफाम पळू शकतं. त्यासाठी वेगावरही पहारा असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच इंधन पेटतं. त्यामुळे ते थांबवायचं तर डिझेलच तोडावं लागतं. कंट्रोलर नेमकं तेच करतो.

दुकानातला लाल दिवा होता पाण्याच्या तापमानाचा. रेडिएटरचं पाणी थंड होतं ते बाहेरच्या हवेच्या जोरावर. पाणी 90 अंशांवर आणि हवा 30 अंशांवर असेल तर फरक 60 अंशांचा. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा 46 अंशांवर गेली की हा फरक 44 उरतो, म्हणजे थंड करण्याची ताकद चौथ्या हिश्शाहून अधिक घटते. 23 मे 2013 रोजी तर शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्यात दुकानदारांनी रेडिएटरच्या जाळीसमोर मालाची खोकी रचलेली. बाहेर टाकलेली गरम हवा खोक्यांवर आपटून पुन्हा आतच येत होती.

‘‘ती वायर काढून डायरेक्ट नाही करता येत का?’’ दुकानदारांनी विचारलं. मिस्त्रीनं मान हलवली. हा प्रश्न त्याला रोज ऐकावा लागत असणार. सेन्सर ‘डायरेक्ट’ केला की लाल दिवा विझतो, उष्णता तिथेच राहते. मग थांबतं ते जळालेलं इंजिनच.

दुसरी राखण माणसांसाठी असते. लाइन गेलेली असताना जनरेटरची वीज चुकून बाहेरच्या तारांत शिरली, तर 11,000 व्होल्ट 433 वर उतरवणारा डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि तारांत हजारो व्होल्ट चढवतो. खांबावर लाइनमन असतो, लाइन बंद आहे या भरवशावर. म्हणून भार लाइनवरून जनरेटरवर वळवणाऱ्या चेंजओव्हर स्विचमध्ये इंटरलॉक असतो: लाइन आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाऊच शकत नाहीत. घरच्या सॉकेटमध्ये वायर खुपसून छोटा जनरेटर जोडणं म्हणजे हा अडसरच उखडून टाकणं.

धुरासाठी मात्र पॅनलमध्ये सहसा सेन्सर नसतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास देत नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद तळघरात किंवा जिन्याखाली जनरेटर चालवणं म्हणूनच जिवावर बेततं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राप्रमाणे 100 केव्हीएच्या जनरेटरचं धुराडं इमारतीच्या उंचीपेक्षा 2 मीटर वर हवं.

तळघराला पाण्याचाही धोका असतोच. 11 मार्च 2011 रोजी जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात भूकंपानंतर जनरेटर बिनचूक सुरू झाले होते. पाऊणेक तासानं आलेल्या त्सुनामीच्या पाण्यानं त्यांतले बहुतेक बंद पाडले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरातही अतिवृष्टीनं अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्यांत पाणी शिरलं. जनरेटर कुठे बसवावा, हे कुठलाही कंट्रोलर ठरवू शकत नाही. ते मालकालाच ठरवावं लागतं. आठवड्यातून एकदा भारावर चालवून बघणं, ऑइल-पाणी-बॅटरी तपासणं, हीदेखील त्याचीच जबाबदारी.

मिस्त्रीनं खोकी बाजूला सरकवायला लावली आणि इंजिन निवू दिलं. अर्ध्या तासानं त्यानं पॅनलवरचं रीसेटचं बटण दाबलं. जनरेटर लागला आणि संध्याकाळी लाइट येईपर्यंत चालत राहिला. दुकानदारांनी जाळीसमोर खडूनं एक मोठी रेघ ओढली आणि पोऱ्याला बजावलं, ‘‘याच्या पुढे एक खोकं ठेवायचं नाही.’’