बोकडाचे वीर्य आणि अंड्यातील बलक

वीर्यातील शुक्राणू वगळता उरणाऱ्या भागाला वीर्यद्रव म्हणतात; तो शुक्राणूंना केवळ वाहून नेत नाही, तर त्यातील प्रथिने, क्षार व शर्करा त्यांची हालचाल आणि आयुष्यही ठरवतात. मात्र हा द्रव सदैव हितकारकच असतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कृत्रिम रेतनासाठी वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवण्यापूर्वी, थंडीच्या आघातापासून शुक्राणूंचे आवरण वाचावे म्हणून, त्यात बहुधा अंड्यातील बलक मिसळतात; वळूच्या बाबतीत हा उपाय चांगला चालतो, बोकडाच्या बाबतीत मात्र तोच अंगाशी येतो. बोकडाच्या मूत्रमार्गालगतच्या काउपर ग्रंथींतून स्रवणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, बलकातील लेसिथिन या स्निग्ध घटकाचे विघटन करते, आणि त्यातून निर्माण होणारे लायसोलेसिथिन शुक्राणूंच्या आवरणावरच घाला घालते. मिश्रण साकळते ते वेगळेच. यावर रूढ तोड अशी, की वीर्य क्षारद्रावणात मिसळून अपकेंद्री यंत्रात फिरवायचे, वरचा द्रव काढून टाकायचा आणि तळाशी बसलेले शुक्राणू नव्या माध्यमात घ्यायचे. या धुण्यात काही शुक्राणू वाया जातात, वेळही मोडतो. म्हणून बलकाचे प्रमाण अगदी कमी ठेवण्याचा पर्यायही वापरला जातो. एडक्याची गोष्ट निराळी: त्याच्या वीर्यद्रवातील काही प्रथिने थंडीने इजा झालेल्या शुक्राणूंच्या आवरणाला चिकटून त्याची अंशतः डागडुजी करतात.