लठ्ठपणाच्या नकाशावरील फिके प्रदेश

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. पंजाब आणि तमिळनाडूत हे प्रमाण चाळिशीच्या वर, तर झारखंड व मेघालयात बारा टक्क्यांच्या आसपास आहे. गोव्यात ते ३६ आणि शेजारच्या महाराष्ट्रात २३ टक्के आहे. वाढती क्रयशक्ती, बैठी कामे आणि तयार खाद्यपदार्थांची सुलभता यांतून हा फरक बराचसा उलगडतो.

तथापि राज्यांच्या या आकड्यांचा नकाशा देहभार निर्देशांकावर, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या अंकावर आधारलेला असून, हा अंक स्नायू आणि चरबी यांत भेद करीत नाही, तसेच चरबी शरीरात कोठे साठली आहे हेही सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापे मांडली, तेव्हा दोघांचाही निर्देशांक २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती.

भारतीय शरीरातील या अधिक चरबीचे मूळ जन्माआधीच्या पोषणात असल्याचे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासाने दाखवले. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलोने कमी होते, आणि तरीही त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. मोठेपणी अन्न मुबलक आणि श्रम कमी झाले की अशा शरीरात पोटाभोवती मेद साठतो, आणि वजनकाट्यावर काही दिसण्याआधीच मधुमेहाची वाट मोकळी होते.

पाचव्या फेरीत प्रथमच कंबर-नितंब गुणोत्तरही मोजले गेले आणि ५७ टक्के स्त्रिया जोखमीच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे ०.८५ किंवा त्याहून अधिक, आढळल्या. हा आकडा वजनाच्या आकड्याच्या दुपटीहून मोठा आहे. त्यामुळे नकाशावरील फिक्या रंगाचे, म्हणजे कमी प्रमाण दाखवणारे, प्रदेश सुरक्षित मानून त्यांना मधुमेह-प्रतिबंधाच्या निधीत मागे ठेवणे, ही गंभीर चूक ठरेल. आशा सेविका तिशीपुढील व्यक्तींसाठी भरतात त्या जोखीम-पत्रकात कमरेच्या मापाचा रकाना आहेच आणि तो प्रामाणिकपणे भरला गेलाच पाहिजे. परंतु त्या सहा गावांतील मुले-मुली किशोरवयात असताना, ती आईबाप होण्याआधीच, पुढच्या पिढीचे जन्माआधीचे पोषण सुधारावे म्हणून त्यांना ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा जो प्रयोग पुण्यातील संशोधकांनी हाती घेतला, त्याची दिशा तिशीची वाट पाहणाऱ्या धोरणापेक्षा अधिक योग्य आहे.